टीसीवर आणलेला संघ

आमच्या कॉलेजात मुलींचा बास्केटबॉल संघ आहे, हे सांगायची मला दोन वर्षं लाज वाटत होती. दोन्ही वर्षी पहिल्याच सामन्यात घरी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा नेमकी धानकापणीत यायची आणि माझ्या निम्म्या मुली गावी जाऊन विळा हातात घ्यायच्या. मी शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक आणि डोक्यानं तापट. खेळ म्हणजे काय फावल्या वेळेचा उद्योग आहे का, म्हणून ओरडायचो. त्या मान खाली घालून ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसायच्या.

तिसऱ्या वर्षी ठरवलं, आता तयार खेळाडूच आणायचे. वरोऱ्याच्या दोघी, राजुऱ्याची एक, चंद्रपूरच्या तिघी. जुन्या कॉलेजातून टीसी काढून त्या आमच्याकडे बी.ए.ला आल्या. होस्टेल फुकट, जेवण फुकट, बूट कॉलेजचे. प्राचार्य खूश आणि मी त्यांच्याहून खूश. पोरी खरंच छान खेळायच्या, त्यांच्यात काही खोट नव्हती.

कॅप्टन मात्र जुनीच होती. मुलचेऱ्याच्या वाटेवरच्या जंगलातल्या गावची, गोंड घरातली. उंची बेताची, पण तिच्या हातातून बॉल काढणं महाकठीण. तिचं हे शेवटचं वर्ष. या स्पर्धेतूनच विद्यापीठाचा संघ निवडणार होते आणि विद्यापीठाकडून खेळलं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येईल, एवढं एकच तिनं मनात धरलं होतं. आमच्या सिमेंटच्या कोर्टावर बॉल कुठं उडत नाही आणि पाय कुठं मुरगळतो, हे नव्या मुलींना तिनंच दाखवलं.

स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी ती सरावाला आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी बारा नावांची यादी पाठवायची होती आणि मुली तेरा होत्या. तिच्या गावात फोनला रेंज नसते. तिच्या मैत्रिणींना तरी विचारायला हवं होतं, तेही मी केलं नाही. गेली असेल कापणीला, यांचं दरवर्षीचंच रडगाणं, असं म्हणत रागाच्या भरात तिचं नाव खोडलं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. विकत न घेणारा मीच होतो.

सहाव्या दिवशी सकाळी ती कोर्टावर हजर. बोटाला चिंधी गुंडाळलेली.

"कुठं होतीस?" मी विचारलं.

"गावाले गेली होती सर. आमच्याकडं एकमेकाच्या बांधीत जाऊन धान कापतेत. मी पाच घरचं आधीच कापून देल्लं. आता ते लोक आमचं कापतीन. स्पर्धा होयेपर्यंत मले कोणी बलावणार नाई."

"सांगून का नाही गेलीस?"

"सांगितलं असतं तं तुमी जाऊ देल्लं असतं का?"

यादी गेली आहे आणि तुझं नाव मी खोडलं, एवढंच मी सांगितलं. विद्यापीठात फोन केले, हातापाया पडलो, पण मुदत टळली होती. स्पर्धेच्या दिवशी आम्ही बसमध्ये चढलो तेव्हा ती गावी, स्वतःच्याच बांधीत कापत होती.

आम्ही जिंकलो. टीसीवर आलेल्या दोघी विद्यापीठाच्या संघात गेल्या. प्राचार्यांनी माझा सत्कार केला. शाल अंगावर पडली तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उन्हाळ्यात ती स्वतःची टीसी न्यायला आली. विजेत्या संघात खेळल्याचं प्रमाणपत्र मी तिच्या नावानं लिहून, सहीशिक्का मारून तयार ठेवलं होतं. भरतीत नाही तर दुसरीकडं कुठं तरी कामी येईल, असं माझ्या मनाचं समाधान. तिनं ते उभ्यानंच वाचलं आणि परत माझ्याकडं सरकवलं.

"मी कुठी खेळली सर?"

"राहू दे गं. कोणी तपासत नाही."

"नाई सर. कोणी विचारलं तं मी काय सांगू? सरनं नाव खोडलं म्हणून सांगू?"

आवाज चढला नव्हता, डोळ्यात पाणीही नव्हतं. तिनं टीसीची घडी करून पिशवीत ठेवली, मग वाकून मला नमस्कार केला. तो मला घेववला नाही.