सारवलेली खोली

परवा शेजारी अंगण सारवत होते. त्या ओल्या वासानं मी निपाणीतल्या आमच्या भाड्याच्या खोलीत पोचले. घरमालकानं नोटिशीत महिन्याची मुदत दिली होती, पण तंबाखू ठेवायला जागा हवी म्हणून तो त्याआधीच भरलेली बैलगाडी घेऊन आला. आमची भांडीकुंडी रस्त्यावर, बघायला सगळी गल्ली. आई मात्र आत जमीन सारवत होती.

"अण्णा, मुदत हाय की अजून," ती म्हणाली. "पर जातो आमी. वाळूस्तवर पोती ठिवू नगासा."

मालक वहाणा काढून उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. मला आईचीच लाज वाटली. हाकलणाऱ्याची जमीन कशाला सारवायची? मी तोंड फिरवलं.

आज कळतं, त्या गल्लीत लाज वाटण्यासारखं काहीच न केलेली ती एकटीच होती.