मागं आवाज यायलाय का?

आमच्या परभणीच्या सेवा क्लबात रंगाचं दुकान असलेले एक भाऊ आहेत. रक्तदान शिबिर असो की कुणाचा वाढदिवस, माईकवाल्यानं सगळं जोडून दिलं तरी ते उठणार, माईकवर बोटानं टकटक करणार आणि विचारणार, "हालो, मागं आवाज यायलाय का?" आम्ही वैतागायचो.

यंदा सभासदांची वक्तृत्व स्पर्धा झाली. माझं भाषण तोंडपाठ होतं, पण "सन्माननीय व्यासपीठ" म्हटलं आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. समोर माझा नवरा मान खाली घालून बसला.

तेवढ्यात भाऊ उठून वर आले. "थांबा मॅडम, वायर ढिली हाय." माझ्या हातातला माईक घेऊन ते निवांत वायर चाचपत बसले.

अध्यक्ष चिडले. "भाऊ, तुमचं नेहमीचंच."

"चुकलं साहेब, झालंच आता."

तोवर मला पुढचं वाक्य सापडलं. मी मान हलवली, तसा त्यांनी माईक परत दिला.

वायरीला काहीच झालं नव्हतं. त्यांचं ते "चुकलं साहेब" स्पीकरमधून शेवटच्या रांगेपर्यंत खणखणीत गेलं होतं.

आता ते टकटक करायला उठले, की मी मुद्दाम मागं जाऊन बसते आणि मोठ्यानं सांगते, "येतोय भाऊ, नीट येतोय."