ढग पळवणारी सून

पहाटे साडेपाचला गुरम्मा गच्चीवर खुर्ची टाकून बसायची आणि तिची सून महानंदा रांगोळीच्या रेघेवरून चालायला लागायची. रेघ लांबट गोल होती. मिनिटभर सरळ, मिनिटभर उजवीकडे वळण, पुन्हा मिनिटभर सरळ, पुन्हा वळण. चार मिनिटांत एक फेरी. गच्ची लहान, त्यामुळे सरळ रेघेवर मिनिट काढायचं तर मुंगीच्या पावलानं चालावं लागे. महानंदाच्या कपाळावर पुठ्ठ्याची पुढे आलेली झापड बांधलेली असे. तिच्यातून फक्त हातातलं घड्याळ आणि होकायंत्र दिसायचं. बाकी लातूर दिसायचं नाही.

शेजारच्या कमलम्मानं आठ दिवस हे बघून घेतलं आणि नवव्या दिवशी कठड्यावरून विचारलं, "कोणच्या देवाचा नेम धरलाय सूनबाईनं? प्रदक्षिणा लई हळू हाय."

"सरकारच्या," गुरम्मा घड्याळावरून नजर न काढता म्हणाली. "अठरा तारखेला प्रसन्न हुतो का बघायचं."

अठरा ऑगस्टला महानंदाची परीक्षा होती. विमान चालवायचं लायसन तिनं लग्नाआधीच काढलेलं होतं, पण ते एका इंजिनाच्या विमानाचं आणि स्वच्छ हवेतलं. ढगात, धुक्यात, काही दिसत नसताना केवळ समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवून विमान चालवायचं, तर त्याला वेगळं शिक्षण, वेगळी परीक्षा. इन्स्ट्रुमेंट रेटिंग म्हणतात. हैदराबादच्या एका कंपनीनं तिला सांगितलं होतं की ऑगस्टअखेर दोन इंजिनांच्या विमानावर हे रेटिंग आणा, जागा तुमची. परीक्षक चार-सहा महिन्यांतून एकदा येणार. अठरा तारीख हुकली की जागा गेली, एवढा सरळ हिशेब.

गंमत अशी की ढगात उडायला शिकायचं आणि ढगच नाहीत. ते दोन हजार पंधरा साल होतं. नळाला बाराव्या दिवशी पाणी, अर्ध्या बादलीत अंघोळ, तेच पाणी पुन्हा फरशीला. सगळा जिल्हा माना वर करून उभा होता. म्हणून तर विमानातही झापड. ती शिकणाऱ्याच्या डोक्यावर चढवायची, म्हणजे त्याला खिडकीबाहेरचं काही दिसत नाही, समोरचे काटे तेवढे दिसतात. बाहेर लख्ख ऊन आणि आत आपण ढगात आहोत असं समजायचं.

लातूरच्या विमानतळावर शिकवायला नांदेडचे खाजा सर होते. साठीचे, बारीक मिशीचे, पुढ्यात कायम पानाचा डबा. महानंदाची खोड त्यांनी पहिल्याच आठवड्यात पकडली. विमान वळणातून सरळ झालं की तिच्या कानाला वाटायचं, आपण आता उलट्या बाजूला कलतोय. मग ती हळूच मान वाकडी करी आणि मानेपाठोपाठ हातही त्याच बाजूला जाई.

"कान की नक्को सुनो बेटा," सर म्हणायचे. "कान शादी में गाने सुनने के वास्ते. यहाँ काटे की सुनो."

घिरट्यांसाठी सरांनी चाकूरच्या वरचा नकाशातला एक बिंदू ठरवला होता. नांदेडला उतरायची पाळी येईपर्यंत आकाशात थांबून राहायचं असेल तर अशाच लांबट गोलात फिरतात. रोज सकाळी नऊच्या सुमारास महानंदाचं विमान चाकूरवर पाच-सहा फेऱ्या मारी आणि मग नांदेडकडं जाई. खाली कोण बघतंय याचा विचार तिनं केला नव्हता. तिला बाहेरचं दिसतच कुठं होतं?

दहा तारखेला संध्याकाळी वीरण्णा घरी आला. चाकूरजवळच्या गावचा शेतकरी. महानंदाचे सासरे ईश्वरप्पा यांची मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, अडत होती आणि वीरण्णा तीस वर्षं आपला माल त्यांच्याकडंच घालत होता. गावातले आणखी पंचवीस-तीस जण त्याच्या मागं येत. त्यानं चहा घेतला, कप पालथा घातला आणि मग बोलला.

"आप्पा, तुमच्या सूनबाईचं इमान रोज आमच्या डोस्क्यावर फिरून राहिलंय. ढग येतो. इमान येतं. ढग जातो. आता तुमीच सांगा."

ईश्वरप्पा हसले. वीरण्णा हसला नाही.

"तिकडं औरंगाबादेहून सरकारचं इमान पाऊस पाडाया उडालंय म्हणं. आन् हितं आपल्याच घरचं इमान ढग पांगवून राहिलंय. गाव असं म्हणतंय, मी न्हाई. गावानं ठरवलंय, ह्या बारीची तूर दुसऱ्या अडतीवर."

"तूर झालीच तर," आतून गुरम्मा म्हणाली.

वीरण्णा गेल्यावर ईश्वरप्पा बराच वेळ टोपी घडी करत आणि उलगडत बसले. चिडायचा त्यांचा स्वभाव नव्हता. महानंदानं ताट आणून ठेवलं तेव्हा ते ताटाकडं बघतच म्हणाले, "पाऊस हुईस्तोवर थांबलीस तर?"

महानंदानं तांब्या ताटाशेजारी ठेवला. तिचा नवरा सिद्धेश्वर काही बोलणार होता, पण आईचा चेहरा बघून त्यानं आपलं ताट पुढं ओढलं.

"मलाबी असंच म्हणले हुते," गुरम्मा म्हणाली. भाकरी थापायची थांबली नव्हती. "लातूर नवा जिल्हा झाला त्या साली मी ह्या घरात आले. नव्या कचेऱ्यांत माणसं भरून राहिले हुते. मी म्याट्रिक. मला कागद आला हुता, कारकुनीचा. तुमचे वडील म्हणले, सुगी हुईस्तोवर थांब. सुगी झाली. कागद काय पुन्हा आला न्हाई."

"त्याला तीस वर्षं झाली," ईश्वरप्पा म्हणाले.

"तेहतीस."

भाकरी तव्यावर पडली. त्या रात्री जेवताना ईश्वरप्पांनी थांबायचा विषय पुन्हा काढला नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. गुरम्मानं तेवढी फट पुरेशी धरली. सकाळी गच्चीवर ती म्हणाली, "आयतवारी वीरण्णाच्या गावाला जाऊ. ती झापड पिशवीत घाल."

"अव्वा, त्यांना काय सांगणार?"

"सांगायचं तुझं तू. मी संगं येते."

रविवारी वीरण्णाच्या अंगणात वीसेक माणसं जमली. बायका ओसरीवर, मधोमध वीरण्णाची आई धोंडाबाई. ऐंशी वर्षांची, डोळ्यांवर दोरीनं बांधलेला चष्मा. गुरम्मा तिच्या शेजारी जाऊन बसली आणि पानाला चुना लावायला लागली, जणू ती त्याचसाठी आली होती.

महानंदानं आधी शाळेतल्या बाईसारखं समजावलं. ढग कसे बनतात, विमान केवढं छोटं, ढग केवढा मोठा. माणसं मान डोलवत होती आणि एकालाही पटत नव्हतं.

"एखादा ढग आलाच तर तो माझ्या वर असतो, काका. मी त्याच्या खाली उडते."

"मंग खालून ढोसणी बसत असंल," वीरण्णा म्हणाला.

महानंदानं सासूकडं बघितलं. सासू पान खात होती. तेव्हा महानंदानं पिशवीतली झापड काढली, चुलीतली राख मागून घेतली आणि अंगणात लांबट गोल आखला. "काका, हे बांधा. विमानात मी हेच बांधून बसते. घड्याळ आणि होकायंत्र बघत रेघेवरून एक फेरी मारा. खाली पायाकडं बघायचं नाही."

"त्यात काय," वीरण्णा म्हणाला. पटका काढून त्यानं झापड बांधली. सरळ रेघ त्याला बरी जमली. पहिल्या वळणावर तो बाहेर पडला, आणि आपण रेघेवरच आहोत अशा भरवशानं दमदार पावलं टाकत, होकायंत्राकडं एकदाही न बघता, थेट म्हशीपुढं जाऊन उभा राहिला. म्हशीनं त्याच्या हातातलं होकायंत्र हुंगलं. ओसरीवर पदर तोंडात गेले.

"काका, कुठं आलात?"

"वळणावर," वीरण्णा म्हणाला.

मग हसू कोणालाच आवरलं नाही. वीरण्णानं झापड वर केली, म्हशीकडं बघितलं आणि तोही हसला. मग आणखी चौघांनी झापड बांधून बघितली. एक हौदात पाय घालून उभा राहिला. हौद कोरडा होता म्हणून बरं.

धोंडाबाईनं झापड मागून घेतली. स्वतःच्या डोळ्यांवर धरली, इकडं तिकडं बघितलं, परत दिली.

"जिला भाईरचं दिसत न्हाई," ती म्हणाली, "ती ढग काय पळवंल? पळवायला आधी दिसाया तर पायजे."

एवढा वेळ समजावून जे झालं नव्हतं ते एका वाक्यात झालं. माणसं एकमेकांकडं बघून मान हलवायला लागली. वीरण्णा मात्र अडत्याशी तीस वर्षं घासाघीस केलेला माणूस.

"पण शेजारी एक जण बसतो न्हवं? त्याला दिसतं?"

"खाजा सर. त्यांना दिसतं."

"कुठले?" धोंडाबाईनं विचारलं.

"नांदेडचे."

"मंग पळवून पळवून नांदेडला नेत असंल."

निघताना वीरण्णा जीपपर्यंत आला. परीक्षेला ये, म्हणाला, गावाची ना न्हाई. फक्त एक शब्द दे. ढग आलाच तर त्याला शिवायचं न्हाई. आकाश इतकं कोरडं होतं की महानंदा लगेच हाव म्हणाली.

अठरा तारखेला परीक्षक आले. बोलणं कमी, हातात पाटी, पाटीवर कागद. खाजा सर खालीच थांबले. त्यांनी तिच्या डोक्यावर झापड चढवली आणि स्वतःच्या कानाला बोट लावून नाही अशी मान हलवली.

चाकूरवर पहिली फेरी रेघेवरच्यासारखी झाली. दुसरी सुरू होताना परीक्षक म्हणाले, "झापड काढा. आज खऱ्या ढगाचंच काम दिसतंय."

महानंदानं झापड काढली. समोर, अगदी तिच्या फेरीच्या वाटेवर, ढग उभा होता. राखाडी, भरल्या घरासारखा. महिनाभर ज्याच्यासाठी अख्खा तालुका माना वर करून होता तो नेमका आज, नेमका इथं.

वळसा घालायचा तर फेरी मोडली, म्हणजे परीक्षा मोडली. आत जायचं तर शब्द मोडला. विचार करायला अर्धं मिनिट होतं. गच्चीवर अर्ध्या मिनिटात तिची सहा पावलं व्हायची. तिला भाकरी थापणारे हात आठवले आणि तो कागद, जो पुन्हा आला नाही. तिनं विमान सरळ ठेवलं.

आत गेल्यावर जग पुसलं गेलं. पांढरं, आणि हादरे. काचेवरून थेंब मागं पळत होते. कान ओरडून सांगत होता, डावीकडं कलतेस. काटा सांगत होता, सरळ आहेस. तिची मान वाकडी व्हायला लागली, तिनं ती ताठ केली. काटा. घड्याळ. काटा. उंची थोडी वर गेली होती, तिनं ती खाली आणली. चाळीस सेकंदांनी ऊन आलं. परीक्षकांनी आणखी तीन फेऱ्या घ्यायला लावल्या आणि चारही वेळा ढग तिथंच होता.

नांदेडला उतरताना त्यांनी न सांगता एका इंजिनाचा जोर कमी केला. विमान एका अंगाला ओढायला लागलं. तिनं पाय रोवला, दुसऱ्या इंजिनावर ते तोलत धावपट्टीपर्यंत नेलं. लातूरला परत आल्यावर परीक्षक कागदावर बराच वेळ लिहीत होते.

"ढगात पहिल्यांदा शंभर फूट वर गेला होतात."

"हो सर."

"मी सांगायच्या आत खाली आणलंत. म्हणून सही करतोय."

खाजा सरांनी काही न विचारता पानाचा डबा तिच्यापुढं धरला.

घरी ईश्वरप्पा दुपारीच मोंढ्यातून आले होते. पेढ्यांचा पुडा कट्ट्यावर ठेवून ते वर्तमानपत्र वाचत असल्यासारखे बसले होते. गुरम्मानं एवढंच विचारलं, "ढगात कसं असतं गं?"

"पाणी होतं तेव्हा आपली न्हाणी असायची ना, बंबातलं गरम पाणी काढल्यावर? तसं. हात दिसत नाही."

"आन् भ्या?"

"भ्या तर हायच की अव्वा."

तेवढ्यात फोन वाजला. वीरण्णा होता. महानंदा बाहेर पायरीवर जाऊन उभी राहिली.

"सूनबाई, आत गेलतीस न्हवं?"

"हाव, काका. शब्द मोडला."

"चारदा."

"चारदा."

"आमी समदे माळावर हुतो. इमान आत जायचं, भाईर यायचं. ढग काय हालला न्हाई. आईनं काठी रोवून ढगाची सावली धरली हुती. दुपारपतुर तसाच हुबा. मंग गेला, आपला आपण." तो थांबला. मागं बोलणं ऐकू येत होतं. "आई इचारतीय, आत पाणी हाय का?"

"आहे. काचेवर थेंब आले होते."

"हाय म्हणती," वीरण्णा मागं वळून ओरडला. पलीकडं गलका झाला, मग एक म्हातारा आवाज बराच वेळ बोलत राहिला. वीरण्णा हसत हसत फोनवर आला.

"आई म्हणतीय, आता नोकरी लागली म्हंजे रोजच ढगात जाशील. पुढच्या बारीला एखादा पळवावा वाटला तर पळव खुशाल. फकस्त नांदेडला नको. हिकडं आण."