जनरेटरवरची झेंडूची माळ

कल्याण आणि डोंबिवलीच्या मधे आमचं गाव आहे. गाव म्हणायचं ते सवयीने, कारण आता घरांपेक्षा टॉवर जास्त दिसतात. सासऱ्यांनी राहिलेल्या जमिनीतला एक तुकडा माझ्या बायकोच्या नावावर केला. ती त्यांची एकुलती एक. मी निवृत्त झाल्यावर नौपाड्यातली जागा मुलीला देऊन आम्ही दोघं इकडे राहायला आलो आणि बायकोने घरामागे मशरूमची शेड उभी केली. तिने त्याचं रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. मी फक्त शंका काढत होतो.

बटण मशरूम फार नाजूक प्रकरण. शेडमध्ये कायम सोळा-सतरा डिग्री गारवा लागतो. एसी बंद पडून दोन-चार तास गेले की घट्ट मिटलेल्या टोप्या उघडतात, दांडे लांबतात आणि मग तो माल कुठलंही चांगलं हॉटेल घेत नाही. आमच्याकडे वीज जाते तेव्हा सांगून जाते असंही नाही. म्हणून डिझेल जनरेटर आला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी तीस वर्षं मेंटेनन्सला होतो, त्याच भागातल्या बंद होणाऱ्या एका कंपनीतून तो मीच मिळवला. घर आणि शेडच्या मधे पत्रा टाकून तो बसवला त्या दिवशी बायको म्हणाली होती, शेड माझी, जनरेटर तुमचा. एवढं एकच काम तिने माझ्यावर टाकलं.

मी ते किती थाटात अंगावर घेतलं ते आठवलं की आता कसंतरी होतं. दर शनिवारी अकरा वाजता जनरेटर चालवायचा, नुसता नाही, शेडचे एसी त्याच्यावर टाकून अर्धा तास. त्याआधी डिझेल, ऑइल, रेडिएटरचं पाणी आणि बॅटरी बघायची. मग सुतळीने खिळ्याला टांगलेल्या रजिस्टरमध्ये नोंद करायची. हे नियम मीच केले आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवले. यंत्र बंद पडल्यावर धावणारे पुष्कळ असतात, मी ते बंद पडूच देत नाही, असं मी पाहुण्यांना चहाबरोबर सांगायचो. बायको कौतुकाने ऐकायची. एकदा रजिस्टर चाळून ती म्हणाली होती, तुमच्यामुळे मला रात्री शांत झोप लागते.

मोठी दुरुस्ती निघाली तर तिचा चुलतभाऊ यायचा. देवळामागच्या गल्लीत त्याचं घर आणि गावाबाहेर त्याचं छोटं गॅरेज. पंप, मोटारी, रिक्षा, काय म्हणाल ते दुरुस्त करायचा. शाळा आठवीत सुटलेली, पण हात असे की माझ्या कारखान्यातल्या दोन इंजिनीयरांना त्याच्याकडे शिकायला पाठवावं. बायकोला सख्खा भाऊ नाही. लहानपणापासून ती त्यालाच ओवाळत आली. तो तिला बाय म्हणतो, ती त्याला दादा.

आणि मला तो भावोजी म्हणायचा. इथल्या जुन्या घरांमध्ये एका घरचा जावई तो सगळ्या गावाचा जावई. पहिला चहा त्याला, बऱ्यातली खुर्ची त्याला, आणि तो कितीही चुकला तरी तोंडावर कोणी बोलायचं नाही. सुरुवातीला मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. नंतर नंतर आवडायला लागलं. पुढे पुढे तर ते आपलं येणंच आहे असं वाटायला लागलं.

त्या वर्षी खंडेनवमीला मी जनरेटर पुसून काढला, हळदकुंकू वाहिलं, नट आवळायचे पाने आणि पक्कड समोर मांडली. कारखान्यातली आमची पद्धत अशी की पूजेच्या आधी मेन बंद करायचा, यंत्राला एक दिवस विश्रांती द्यायची, आणि दसऱ्याला नारळ फोडून मग मेन चालू करायचा. जनरेटरच्या मागच्या बाजूला बॅटरीची जोडणी तोडायची एक लाल मूठ असते. एरवी तिला कोणी हात लावत नाही. मी ती सवयीने फिरवून बंद केली आणि झेंडूची माळ अडकवायला बाहेर आलेली तेवढीच एक वस्तू दिसली म्हणून माळ तिलाच गुंडाळून पक्की बांधली. दसऱ्याला नारळ फोडला आणि सोनं वाटायला नौपाड्यात निघून गेलो. कारखान्यात मेन चालू करणारा माणूस दुसरा असायचा. इथे मीच होतो, आणि मी विसरलो.

विसरणं माणसाला माफ असतं. पुढच्याच शनिवारी ते उघडकीला आलं असतं, जर मी जनरेटर चालवला असता. पण नौपाड्यात जुन्या सोबत्यांचा शनिवारी सकाळचा अड्डा नुकताच सुरू झाला होता. बायको पहाटे माल घेऊन बाहेर पडायची, ती दुपारी यायची. मी साडेनऊला निघायचो आणि निघताना रजिस्टरमध्ये लिहायचो: ११ ते ११.३०, लोडवर चालवला, ठीक. पहिल्यांदा लिहिताना हात जरा अडखळला. दुसऱ्या शनिवारी अडखळला नाही. अड्ड्यावर मी मिसळ खात सगळ्यांना मेंटेनन्सचं महत्त्व सांगितलं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात वीज कंपनीचा निरोप आला, सोमवारी नऊ ते पाच दुरुस्तीसाठी वीज बंद. बायकोने तो वाचून दाखवला आणि म्हणाली, आपला जनरेटर आहे ना. तिला घाई दुसरीच होती. माजिवड्याच्या एका मोठ्या हॉटेलाने दिवाळीच्या चार दिवसांचा माल पहिल्यांदाच तिच्याकडून घ्यायचं ठरवलं होतं. त्यासाठी ती सहा महिने त्यांच्या पायऱ्या झिजवत होती. मंगळवारी पहाटे तोडणी होती. शेडमधल्या मांडण्या पांढऱ्याशुभ्र भरल्या होत्या.

नऊला वीज गेली. मी चावी फिरवली. काही नाही. पॅनेलवरचा साधा दिवाही लागला नाही. डिझेल बघितलं, टाकी भरलेली. बॅटरीला मीटर लावला, ती ठणठणीत. मग राहिलं पॅनेल. आणि पॅनेलचं वायरिंग गणपतीच्या आधी बायकोच्या भावाने बदललं होतं. मला गुन्हेगार सापडला.

बायको शेजारीच उभी होती. मी तिच्यासमोरच त्याला फोन लावला. तो नेमका माजिवड्याला एका सोसायटीच्या पंपावर होता. मी आवाज चढवून म्हटलं, तुझं वायरिंग जळलेलं दिसतंय, कसली कामं करतोस. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावोजी, मागची लाल मूठ चालूवर हाय ना?"

त्या क्षणी मला झेंडूची माळ दिसली. खरंच दिसली, डोळ्यांसमोर. दहा पावलांवर होती. पण मागे जाऊन ती मूठ फिरवली असती तर शेजारी उभ्या असलेल्या बायकोने विचारलं असतं, मग गेल्या शनिवारी हा चालला कसा? मी फोनमध्ये म्हणालो, "परवाच्या शनिवारी अर्धा तास चालवलाय. मूठ कशाला बंद असेल? तुझी चूक झाली आहे ती बघायला ये." आणि एकदा असं बोलल्यावर त्या मुठीपाशी जाणं मला अशक्य झालं. बायको जरा दूर जाईल तर पटकन जाऊन फिरवीन, असं मनात घोळवत मी पाना हातात घेऊन पॅनेलचे स्क्रू उघडत बसलो. ती दूर गेली नाही असं नाही. शेडमध्ये ये-जा करत होती. पण दर वेळी वाटलं, आता फिरवली आणि जनरेटर सुरू झाला तर काय सांगू? असे एक-दोन नाही, पाच तास गेले.

त्या पाच तासांत तिने काय काय केलं ते मी पाहत होतो. गोणपाटं भिजवून दारांना लावली. बाजारातल्या मासेवाल्या बायकांकडून बर्फाच्या लाद्या आणून मांडण्यांखाली ठेवल्या. दर थोड्या वेळाने थर्मामीटर बघून आकडा मोठ्याने सांगायची. वीस. तेवीस. सव्वीस. ऑक्टोबरचं ऊन पत्र्यावर तापत होतं. सत्तावीसनंतर तिने आकडा सांगणं थांबवलं.

तिचा भाऊ अडीचला पोचला. हातातलं काम टाकून आला होता, शर्ट घामाने भिजलेला. पॅनेलकडे त्याने बघितलंही नाही, सरळ मागे गेला. मीही गेलो. माळ वाळून काळपट झाली होती, पण गाठ नवमीला बांधली तशीच होती, मुठीभोवती घट्ट. दोन बोटांनी त्याने ती उचलली. मूठ बंदवर होती. त्याने गाठीकडे बघितलं, मग खिळ्याला टांगलेल्या रजिस्टरकडे, मग माझ्याकडे. मूठ फिरवून पुढे आला, चावी मारली, आणि जनरेटर पहिल्याच फटक्यात सुरू झाला.

आवाज ऐकून बायको बाहेर आली. ओलं गोणपाट तसंच तिच्या हातात होतं. काय झालं होतं, असं तिने विचारलं.

"माजीच चूक, बाय," तो म्हणाला. "आतली एक वायर ढिली राह्यलेली माज्याकडनं."

मी तिथेच होतो. गप्प बसलो असतो तरी आज थोडं कमी वाईट वाटलं असतं. पण मी म्हणालो, "मी सकाळीच म्हटलं होतं."

बायकोचा राग आरडाओरड्याचा नाही. ती त्याच्याकडे बघत म्हणाली, दादा, आता परत नको येऊ आमच्याकडे. तो बरं म्हणाला, नळावर हात धुतले आणि चहा न घेता गेला. पहाटे तिने तोडणी केली तेव्हा निम्म्याहून जास्त माल छत्रीसारखा उघडलेला होता. हॉटेलाने तो परत पाठवला आणि दिवाळीचा माल दुसरीकडून घेतला. मी त्या संध्याकाळी माळ कापून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकली आणि वर माती ओढली.

दिवाळी आली तशी गेली. मी रोज ठरवत होतो की आज सांगायचं. अभ्यंगस्नानाच्या दिवशी नको, लक्ष्मीपूजनाला नको, पाडव्याला तिने मला ओवाळलं तेव्हा तर नकोच. असं करत भाऊबीज उजाडली.

सकाळी तिने करंज्या वेगळ्या काढून ठेवल्या. त्याला ओल्या नारळाच्या लागतात, त्याच केल्या होत्या. त्याला नको येऊ म्हणणारी ती, आणि वाट बघणारीही तीच. दुपारी दोनदा फाटकाशी जाऊन आली. संध्याकाळी नवी साडी नेसून तिने ताट तयार केलं, कुंकू, अक्षता, सुपारी, निरांजन, आणि काही न बोलता गच्चीवर गेली. मी मागोमाग गेलो, तर ती दोन टॉवरच्या फटीत दिसणाऱ्या बारीक चंद्रकोरीला ओवाळत होती. ज्या बाईला भाऊ नाही तिने चंद्राला ओवाळायचं असतं. तिला भाऊ होता. तीन मिनिटांच्या अंतरावर होता, आणि मी तो काढून घेतला होता.

मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. गच्चीच्या दारातच मी तिला सगळं सांगितलं. मूठ, माळ, शनिवार, अड्डा, रजिस्टर, फोनवर त्याने विचारलेला प्रश्न. कारणं द्यायला सुरुवात केली होती, पण तिने ताट कठड्यावर ठेवलं तेव्हा माझं बोलणं आपोआप थांबलं.

मला वाटलं ती मालाबद्दल बोलेल, हॉटेलाबद्दल बोलेल. तिने ताटातल्या अक्षता सारख्या केल्या. मग म्हणाली, "मी त्याला येऊ नको म्हणाले तेव्हा तुम्ही तिथेच उभे होतात. हातात पाना घेऊन."

एवढंच. वाऱ्याने विझलेलं निरांजन तिने परत लावलं, तळव्याचा आडोसा केला आणि ताट घेऊन जिना उतरली. मी चार पावलं मागे चालत राहिलो. गल्लीत दारादारांत कंदील होते. लोक तिला हाक मारत होते, ती कोणाकडे बघत नव्हती.

तो दारातच बसला होता. बहिणीला ताटासकट बघून उठला, मग तिच्या मागे मला बघितलं आणि त्याला सगळं कळलं. ती फक्त, बस दादा, म्हणाली. त्याच्या बायकोने पाट मांडला. बहीण ओवाळत होती आणि तो मान खाली घालून बसला होता, जसं काही चुकला तोच होता.

मी उंबऱ्याशी उभा होतो. वाटेत जुळवलेली वाक्यं आठवेनात. कशीबशी दोनच सापडली. "दादा, चूक माझी होती. मला माफ करा." त्याला मी आजवर अरे म्हणूनच हाक मारत आलो होतो.

त्याने वर बघितलं नाही. कपाळावर कुंकू, डोक्यावर अक्षता तशाच, तो आत आपल्या बायकोला म्हणाला, "भावोजी उभं हायेत. खुर्ची आन."

घरात हातांची खुर्ची एकच होती. तिने ती आणली, स्वच्छ होती तरी पदराने पुसली आणि माझ्यापुढे ठेवली. तो पाटावर, माझी बायको जमिनीवर. नको म्हणायचा अधिकार मला उरला नव्हता. मी बसलो.