शेंदरी बाण

अण्णांना एकट्यानं फिरायला जाऊ द्यायचं की नाही, यावरून आमच्या घरात रोज सकाळी चहाआधीच खडाजंगी व्हायची. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीत ड्रायव्हर होते. कळवणच्या रस्त्याचं वळण न् वळण त्यांना पाठ होतं, पण अलीकडे सोसायटीच्या गेटातून आत आल्यावर आपला जिना कोणता ते आठवेना झालं होतं. सोबत कुणीतरी हवंच, असं बायकोचं म्हणणं. अण्णांचं एकच उत्तर : "मला क्लीनर लागत नाही. मी ट्रक चालवलेला नाही."

नेमकं तेव्हाच मला वनोद्यानाचं काम मिळालं. आमच्या गल्लीच्या टोकाला डोंगर आहे, त्याच्या पायथ्याशी हे उद्यान. पायवाटांवर दिशा दाखवायची आणि झाडं, पक्षी, बिबट्या यांच्या माहितीचे फलक करायचे. मी घरी ऐटीत जाहीर केलं, "आता अण्णा डोळे मिटून गेले तरी परत येतील. बाण कोणाचे आहेत शेवटी?"

"तुमचे आहेत म्हणूनच भीती वाटते," बायको म्हणाली. "माझ्या बहिणीच्या लग्नात तुम्ही बाण लावले होतेत. अर्धं वऱ्हाड शेजारच्या हॉलमध्ये बारसं जेवून आलं."

हे खरं आहे. बारशाची जिलेबी चांगली होती, असंही नंतर कळलं.

पण या वेळी मी खरोखर अण्णांसाठी काम करत होतो. लोखंडी खांब भंगारात जातात, म्हणून तिथलेच गुडघाभर उंचीचे काळे दगड प्रत्येक फाट्यावर उभे केले. अण्णांना लांबून दिसावं म्हणून त्यांना झकास शेंदरी रंग दिला आणि त्यावर पांढरा बाण काढला. बाण धरून चालत राहिलं की माणूस फिरून गेटावर येणार. बरेचसे दगड झाडाखाली होते, उन्हात रंग उडू नये म्हणून. झाडाखाली उभा दगड, त्याला शेंदरी रंग! नाशिकमध्ये जन्मलेल्या, इथंच वाढलेल्या माणसाला यात काही खटकू नये, याचं मला आजही नवल वाटतं.

सुरुवातीचे काही आठवडे सगळं सुरळीत होतं. अण्णा सकाळी जायचे आणि ऊन चढायच्या आत परत यायचे. आल्यावर बायकोकडे असं बघायचे, की जणू घाटातून गाडी सुखरूप उतरवून आणलीय. मीही तसाच बघायचो.

मग गेटावरचा वॉचमन एकदा म्हणाला, "साहेब, वडाखालचा तुमचा देव लय पावतो म्हणत्यात. रोज नारळ फुटतोय."

"अहो, देव नाही तो. बाण आहे."

"बाण व्हता. आता देव हे."

जाऊन पाहिलं तर खरंच. शेंदराचा जाड थर, झेंडूची माळ, उदबत्त्या. थराखाली बाण पार नाहीसा झालेला. मला हसू आवरेना. हा किस्सा मी मित्रांना सांगितला, मेव्हण्याला सांगितला, दाढी करताना न्हाव्यालाही सांगितला. दर वेळी त्यात थोडी भर पडायची. किस्सा रंगत होता म्हणून दगड तसाच राहू दिला. बाण पुन्हा काढायला अर्धा तासही लागला नसता.

एप्रिलमध्ये एक दिवस अण्णा ऊन चढलं तरी आले नाहीत.

वॉचमन एका वाटेनं गेला, मी दुसऱ्या. वडाखाली अण्णांच्या चपला होत्या, दगडासमोर नीट जोडून ठेवलेल्या. अण्णा नव्हते. मी हाका मारत फिरलो. प्रत्येक वळणावर माझाच एखादा फलक उभा. मोठ्या अक्षरात मीच लिहिलेलं : "घाबरू नका. बिबट्या माणसाला टाळतो." हे वाक्य लिहिताना मी फार खूश झालो होतो. त्या दुपारी ते परत परत वाचावं लागलं, आणि लिहिणाऱ्याच्या कानफटात द्यावीशी वाटली.

उन्हं कलता कलता वॉचमनची हाक आली. अण्णा कोरड्या ओढ्यात एका खडकाला टेकून बसले होते. ओठ फुटलेले. तापलेल्या खडकांनी तळपाय सोलून निघालेले, त्यात बाभळीचे काटे. मला पाहून ते ओशाळले. त्यांना असं मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"वाटेत देव लागला," ते म्हणाले. "चपला काढल्या. प्रदक्षिणा घातली. मग कुठून आलो तेच कळेना. कुठं लिहिलेलंही नव्हतं."

लिहिलेलं होतं. शेंदराखाली.

मी आणि वॉचमननं त्यांना उचलून आणलं. ज्या माणसानं जन्मभर गावंच्या गावं इकडून तिकडे पोचवली, त्याचं वजन इतकं कमी असेल असं वाटलं नव्हतं. बायको दारात उभी होती. तिनं बारशाचासुद्धा विषय काढला नाही.

पायांच्या जखमा भरून यायला पावसाळा उजाडला. बाणांचे दगड मी आता निळे केलेत. वडाखालचा तेवढा सोडून, त्याला हात लावायची कुणाची छाती नाही. दाराला आतून कुलूप असतं. अण्णांच्या चपला मी परत आणून रॅकवर ठेवल्या, पण ते त्यांना ओळखत नाहीत. रोज सकाळी तयार होऊन दाराशी बसतात.

"चपला देवापाशी राहिल्यात," म्हणतात. "घेऊन येतो."

"अण्णा, ह्या बघा इथं आहेत."

"ह्या माझ्या नाहीत."

"बरं. चला, मी येतो सोबत."

क्लीनर नको, असं ते म्हणतील म्हणून मी दर वेळी थांबतो. ते म्हणत नाहीत. मी कुलूप काढेपर्यंत बसून राहतात आणि मग धरायला हात पुढे करतात.