धुळेकरांना भरीत, आम्हाला मटकी

माझ्या फजित्या बऱ्याच आहेत, पण ही ऐकताना चहाचा कप खाली ठेवा. नाकात गेला तर मी जबाबदार नाही.

आमच्या सावद्याच्या बॅडमिंटन मंडळात सगळे केळीचे व्यापारी आणि त्यांची पोटं. तरुण मी एकटाच. कॉलेजच्या संघात खेळलेला आणि भारतीय क्रीडाक्षेत्र सुधारायची भयंकर घाई झालेला. एक गेम झाला की ही मंडळी खुर्च्या ओढून चहा मागवायची. मला ते देशाचं दुर्दैव वाटायचं. म्हणून मी पहाटेचा व्यायाम सुरू केला. दोरीवरच्या उड्या, उठाबशा आणि शटलशिवाय कोर्टभर धावायचा सराव. स्वतः तर भरीत-पुरी सोडून मोड आलेल्या मटकीवर आलो.

पहिल्याच दिवशी मंडळाचे प्रमुख नाना कोर्टावर उभे राहून इकडेतिकडे बघायला लागले.

"शटल कुठे हाय?"

"कल्पनेत, नाना. आपण फक्त पळायचं."

"मंग मी बी कल्पनेतच पयतो," म्हणत नाना खुर्चीत बसले.

शेवटी त्यांनी अट घातली. धुळ्याचा संघ सामन्याला येणार होता. "जिंकलो तं व्यायाम चालू. हरलो तं पुन्हा नाव काढायचं नाही."

म्हणजे पणाला काय, तर माझं अख्खं क्रीडाक्षेत्र.

मी डाव रचला. सामना दुपारी, त्याआधी पाहुण्यांचं जेवण आमच्याकडे. धुळेकरांना भरपूर तेलातलं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर पुऱ्या. आम्हाला मटकी. शत्रू जागेवरून हलला नाही पाहिजे. आता यात खेळाडूवृत्ती कुठे बसते, असं विचारू नका. आदर्शवादी माणसाला घाई असली की असं होतं.

धुळेकर आले. पुढे त्यांच्या आबांचं पोट, मागून आबा. निवृत्त हेडमास्तर. ताट समोर येताच त्यांनी हात मागे घेतला.

"तुमनं ताट कोठे शे?"

"आम्ही नंतर जेवू, आबा. आमचा आहार वेगळा आहे."

"यजमान उपाशी नि पाहुना खाई? बठ्ठा बसा, मंगच आम्ही हात लावसूत."

मी मागे वळून बघतो तर आमचा अख्खा संघ मांडी घालून बसलेला. नाना तर पुरी मोडत होते.

मी मटकीची वाटी घेऊन टेकलो. आबांनी वाटीत डोकावून पाहिलं.

"हाई काय शे? चिमण्यासनं जेवण?"

आणि माझ्या ताटात भरताचा ढीग पडला.

आता आपल्याकडचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. पाहुण्याच्या आधी यजमानाने हात धुवायचा नाही. आणि आबांना हात धुवायची काही घाई नव्हती. ते घास घ्यायचे, माझ्याकडे बघायचे. मी घास घ्यायचो. नाना शेजारून म्हणायचे, "वाढा त्याले, लाजरा हाय."

दुपारी दुहेरीचा सामना. मी आणि नाना, समोर आबा आणि त्यांचा जोडीदार. आबांना भरीत रोजचंच. ते एका जागी उभे राहून नुसतं मनगट हलवत होते. त्यांनी पहिलंच शटल जाळीलगत अलगद टाकलं. मी वाकलो. शटल खाली आलं, भरीत वर आलं. त्यानंतर मी वाकणं सोडून दिलं.

"अरे, पय ना," मागून नाना ओरडले.

"पळतोय, नाना."

"कुठे?"

"कल्पनेत."

हरलो. मी भिंतीला टेकून, पट्टा सैल करून बसलो होतो. निघताना आबांनी नानांच्या कानात काहीतरी सांगितलं. म्हटलं, संपलं. उद्यापासून व्यायाम बंद.

पण नाना म्हणाले, "बंद कशाले? आबा म्हने, संघ चांगला शे, एकच गडी कच्चा शे."

तेव्हापासून रोज पहाटे सगळं मंडळ कोर्टावर हजर असतं. नाना खुर्चीत बसून मोजतात, बाकीचे चहा पितात, आणि उठाबशा मी काढतो.