बिनकार्डाचा कंप्युटर

निरगुडसरच्या सयाजीरावांचा थोरला मुलगा ऋषी चौतीस वर्षांचा झाला तरी बिनलग्नाचाच होता. तसं त्याच्यात नाव ठेवायला जागा नव्हती. बागायती जमीन, दोन विहिरी, दारात ट्रॅक्टर, पोरगा निर्व्यसनी आणि कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा. पण आपल्याकडे हल्ली पोरीच्या बापांनी अजब रीत काढलीय. जावयाच्या नावावर शेती पाहिजे, आणि जावई शेतात दिसला नाही पाहिजे. ऋषी शेतात दिसायचा. सकाळी कांद्याला पाणी, दुपारी मेथीच्या जुड्या, संध्याकाळी गोठा; तो बिचारा दुसरीकडे कुठं दिसणार? आलेलं प्रत्येक स्थळ पोहे खाऊन, विहिरीत डोकावून, ‘कळवतो’ म्हणून जायचं आणि कळवायचं नाही. गावातल्या लग्नांत तो पंगतीला वाढायला उभा राहिला की म्हातारेकोतारे मुद्दाम हाक मारायचे, “ऋषी, तुझ्या लग्नाची बुंदी आमी दात पडायच्या आत खाणार का न्हाई?” तो हसून पुढच्या पत्रावळीकडे सरकायचा. ते हसू त्याला किती जड जायचं, ते कुणी विचारलं नाही.

त्याला लग्न करायचं होतं. हे साधं वाक्य तो कधी तोंडातून काढत नसे, कारण काढलं असतं तर गावानं त्याचंही हसं केलं असतं.

दुसरी एक हौस त्याला होती, आणि ती उघड होती. मोटर चालू करून बांधावर बसला की तो मोबाईलवर कंप्युटरच्या सुट्या भागांचे व्हिडिओ बघायचा. गेम खेळायचा कंप्युटर त्याला स्वतः जोडायचा होता, एकेक भाग निवडून, साठ हजारांच्या आत. वर्षभर त्यानं मनातल्या मनात शंभरदा इकडचं काढून तिकडं लावलं होतं. मदरबोर्ड हलका चालेल, मेमरी पुढं वाढवता येईल, पण पॉवर सप्लाय नावाजलेलाच हवा, कारण तो जळाला तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना घेऊन जळतो. आणि निम्मे पैसे ग्राफिक कार्डात. गेमचं चित्र पडद्यावर पळवतं ते कार्डच. बाकी सगळा लवाजमा. त्याचा हिशेब शेतकऱ्याचा होता. बियाण्यात हात आखडायचा नाही, आखडायचा तर कुंपणात.

कोथिंबिरीचा एक प्लॉट साधला आणि पैसे हातात आले. सयाजीराव म्हणाले, “घे बाबा. लगीन न्हाई, कार्य न्हाई, पैशाचं दुसरं करणार तरी काय तू?” या बापाच्या तोंडून परवानगीसुद्धा अशी बाहेर पडायची.

ऋषी मंचरला निघाला आणि नेमका त्याच दिवशी अवसरीहून कुशाबामामा टपकला. ऋषीच्या आईचा, प्रयागबाईंचा, हा भाऊ स्थळं जुळवायचा. जुळलं तर श्रेय त्याचं, मोडलं तर दोष पत्रिकेचा. बोरी बुद्रुकचं एक स्थळ त्यानं आणलं होतं. मुलगी श्रेया, पुण्यात नोकरीला, आणि रविवारी आईबापांबरोबर घर बघायला स्वतः येणार होती.

“हे हातचं गेलं तर मी पुढं दुसरं बघायचो न्हाई,” मामा बहिणीला म्हणाला. मग भाचा कंप्युटर आणायला चाललाय हे ऐकलं आणि त्याचे डोळे चमकले. “आरं, मग झालंच की काम. पोरगं घरनंच कंपनीचं काम करतंय, आसं सांगू.” आणि आमंत्रण नसताना तो गाडीत पुढच्या सीटवर जाऊन बसला.

मंचरात हौशीरामच्या दुकानात ऋषीनं एकेक भाग सांगितला. मामा प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होता.

“हे भाईरनं दिसतं का?”

“कार्ड आत आसतं, मामा.”

“मग आत कुणाच्या बापाला दिसणार हाय ते? निम्मं पैसं झाकून ठेवायला घालतो व्हय?”

हौशीराम मुरलेला दुकानदार. पैसे कुणाचे आणि शब्द कुणाचा चालतो, हे तो गिऱ्हाईक पायरी चढतानाच ओळखायचा. त्यानं काचेची पेटी पुढं केली, रंगीत दिव्यांचे सहा पंखे लावून दाखवले, चंद्रकोरीसारखा वाकलेला मोठा स्क्रीन लावला आणि मोटारीच्या सीटसारखी लाल खुर्ची फिरवून दाखवली. “कार्ड नसलं तरी चालू व्हतंय, भाऊ. चित्र प्रोसेसर बी दावतोय.”

“आन् गेम?” ऋषीनं विचारलं.

“गेम काय, लग्नानंतर बी खेळता यील.”

मामा आणि हौशीराम हसले. ऋषी त्या खुर्चीकडे बघत उभा राहिला. त्याला ठाऊक होतं की हे सगळं कुंपण आहे आणि आत पेरायला काही नाही. पण वर्षानुवर्षं ‘कळवतो’ ऐकलेल्या माणसाचा कणा हळूहळू मऊ होत जातो. कार्ड पुन्हा घेता येईल, असं त्यानं स्वतःला समजावलं. श्रेया पुन्हा येणार नव्हती. त्यानं कार्डावर फुली मारली.

काचेतून कार्डाची जागा रिकामी दिसायला लागली, तेव्हा हौशीरामनं भंगारातून एक जळालेलं कार्ड काढलं, पुसलं, आत बसवलं आणि त्याच्या पंख्याला वरून एक वायर जोडली. पंखा गरगर फिरायला लागला. “आता कोण म्हणंल बिनकार्डाचा हाय?” तो म्हणाला. ऋषीला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. तरी त्यानं पैसे दिले.

रविवारी बोरीची माणसं आली. धाकटा भाऊ पप्पू मुद्दाम पाळी बदलून आला होता; चाकणला कंपनीत कायम झालेला, वय सत्तावीस, अंगात इस्त्रीचा शर्ट. थोरल्याचं झाल्याशिवाय त्याचा विषय घरात निघत नव्हता, म्हणून बिचारा चहाचे कप फिरवत होता. बोरीचे पावणे त्या लाल खुर्चीत आळीपाळीनं बसून पाहात होते. कुशाबामामा कंपनीचं काम, कंपनीचं काम असं इतक्यांदा म्हणाला की शेवटी सयाजीरावांनाही ते खरं वाटायला लागलं.

मग मुलामुलीला बोलायला म्हणून कंप्युटरच्या खोलीत सोडलं. श्रेयानं पेटीच्या काचेत वाकून पाहिलं.

“या कार्डाच्या पंख्याची वायर पार तिकडून कशाला आलीय?” तिनं विचारलं.

त्याच्याकडे बघायला आलेल्या मुलींपैकी एकीनंही आजवर त्याला असा प्रश्न विचारला नव्हता. जमिनीचे, भावाच्या हिश्शाचे, संडास घरात आहे का याचे प्रश्न त्याला पाठ होते. ही तर कार्डाबद्दल विचारत होती. खोटं बोलायची सगळी तयारी मामानं करून घेतली होती, पण त्या प्रश्नानं ऋषी विरघळलाच.

“ते जळालेलं हाय,” तो म्हणाला. “नुसतं दिसायला बसवलंय. कंपनीचं काम बी खोटं. मी शेती करतो. कार्डाच्या पैशात हे दिवे आन् खुर्ची आली, तुमी येणार म्हनून.”

श्रेया खळखळून हसली. तिच्या हसण्यात टोचण्यासारखं काही नव्हतं. हॉस्टेलवर तिनं मैत्रिणींबरोबर असाच कंप्युटर जोडला होता. साठ हजारांत कुठलं कार्ड बसलं असतं, वापरलेलं घ्यावं की नवं, पेटीत हवा कुठून खेळवावी, असं दोघं बोलत बसली. बाहेरून प्रयागबाईंनी दोनदा खोकून दाखवलं, तरी बोलणं संपेना. जाताना ती म्हणाली, “तुम्ही खरं सांगितलंत, फार बरं वाटलं.”

त्यानंतरचे दिवस ऋषी हवेतच होता. भांगलायला आलेल्या बायकांना त्यानं आपणहून चहा सांगितला. आपलं लग्न ठरलं, हे त्यानं मनाशी पक्कं करून टाकलं होतं, आणि अशा माणसाची मला कीव येते आणि रागही येतो. वयानं एवढं शिकवूनही माणूस एका हसण्यावर घर बांधतो.

गुरुवारी तो कांदा साठवायच्या बराखीत सडका माल निवडत होता, तिथं मामा आला. आधी घरात जाऊन आईबापांना सांगून आला होता, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

“व्हय म्हनाली,” मामा म्हणाला.

ऋषी उठून उभा राहिला. हात कुठं पुसावेत ते त्याला कळेना.

“पप्पूला,” मामा म्हणाला. “आता आसं तोंड करू नको. ऐकून घे. ती म्हनली, थोरल्यांनी कायबी लपावलं न्हाई, म्हनून मला घराचा भरवसा आला. थोरला इतका खरा, तर धाकटा बी तसाच आसनार. पन धाकट्याला नोकरी हाय. तिच्या बापालाबी नोकरीवालाच पायजे.”

“ती सोता म्हनली?”

“सोता. तिला भाऊ न्हाई ना. म्हनली, भाऊ भेटल्यासारखं वाटलं.”

घरात प्रयागबाई साखर वाटत होत्या. ऋषी आत आला तशी त्यांनी त्याच्याही हातावर चिमूटभर ठेवली. “तुझ्यामुळंच जमलं बघ,” त्या म्हणाल्या. हे त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. पोटच्या पोराला आपण कुठं मारतोय, हे त्या माउलीला कळलं नाही. पप्पूला कळलं. तो खाली मान घालून म्हणाला, “दादा, तू नको म्हन, मी मोडतो.” ऋषीनं पाहिलं तर धाकट्याच्या डोळ्यांत नुसती आशा भरलेली होती. तो नको म्हणाला नाही.

साखरपुडा झाल्यावर काचेची पेटी, दिवे, खुर्ची, सगळं पप्पूच्या खोलीत गेलं. श्रेयाचा फोन आला, पप्पूला नाही, ऋषीला. “दादा, माझ्या पगारातून चांगलं कार्ड घालायचंय. तुम्हीच निवडा, ह्यांना त्यातलं काही कळत नाही.” ऋषीनं चार दिवस घासाघीस करून कार्ड निवडलं, आणलं, जळालेलं काढून तिथं बसवलं. निवड अचूक होती. गेम लोण्यासारखा चालत होता. पाच मिनिटं चालवून त्यानं बंद केला, कारण खुर्ची आता दुसऱ्याची होती.

एक अडचण मात्र राहिली. थोरला बिनलग्नाचा असताना धाकट्याला बोहल्यावर चढवलं तर भावकी बोट दाखवणार. तिच्यावरही मामाकडे उतारा तयार होता. “जुन्या लोकांनी तोड काढून ठिवलीय. थोरल्याचं रुईशी लावायचं, मंग झाड तोडायचं. म्हंजी लगीन झालं आन् बायको गेली, आसं धरायचं. सूतक न्हाई, खर्च न्हाई.”

पप्पूच्या हळदीच्या सकाळी ऋषीला विहिरीकडच्या बांधावर नेलं. तिथं रुईचं एक कमरेएवढं झाड होतं. प्रयागबाईंनी ऋषीला मुंडावळ्या बांधल्या, झाडाला हिरवा खण गुंडाळला. मंडपवाला खोळंबला होता म्हणून गुरुजींनी मंगलाष्टका अर्ध्यावर आटोपल्या. भावकीतली पाचपंचवीस माणसं जमली होती, आणि मोबाईल तेवढेच वर झाले होते. अक्षता पडल्या. कुणीतरी म्हणालं, “नवरी उंचीला कमी हाय,” आणि बांधभर हशा पिकला. गुरुजींनी सांगितलं तसा ऋषीनं झाडाला हार घातला. रुईच्या फांदीवरून पांढरा चीक त्याच्या बोटांना लागला.

मामानं कोयता पुढं केला. “हाण आता, आन् हो मोकळा.”

ऋषीनं कोयता घेतला नाही.

“ऱ्हाऊ द्या तिला,” तो म्हणाला. “ही तरी ऱ्हाऊ द्या.”

लोक पुन्हा हसले, मघापेक्षा मोठ्यानं. मग हळदीला उशीर होतोय म्हणून सगळे मंडपाकडे वळले.